दोर स्टॉलवर आहे

“तोंड बंद ठेव आणि जरा हसत उभा राहा,” ताई म्हणाली. “एक बिल्ला चुकीच्या हुकावर राहिलाय म्हणून सकाळी सकाळी तू एक माणूस मारून मोकळा झालास.”

मी म्हटलं, मी कुणाला मारलेलं नाही. मी फक्त विचारतोय, सात नंबर ‘आत’च्या बाजूला का आहे.

“कारण शनिवारी बाहेर आल्यावर तो फिरवायला विसरला. झालं समाधान? आता टेबलावरच्या कापडाची ती बाजू ओढ.”

मी ओढली. जरा जास्तच जोरात ओढली, त्यामुळे स्टिकरचा डबा खाली सांडला आणि शेजारचे बुद्धिबळवाले वळून बघायला लागले. सोमवार, सकाळचे नऊ. दहाला विद्यापीठातल्या मंडळांच्या मेळ्याची दारं उघडणार होती आणि नवीन पोरं आत येणार होती.

विद्यार्थी विभागाच्या बाई म्हणाल्यात, जे झालं ते क्रमाने लिही, वेळा टाक आणि कुणावर राग काढू नकोस. रागाचं मी काही सांगू शकत नाही. क्रमाने लिहितो.

ताई म्हणजे माझी सख्खी बहीण. विद्यापीठात शेवटच्या वर्षाला आहे आणि गुहा मंडळाची अध्यक्ष आहे. मी विद्यापीठात नाही. मी शाळेतसुद्धा नाही, दहावी व्हायच्या आत सोडली, आता गॅरेजमध्ये असतो. त्यामुळे मंडळात मी सभासद नाही आणि मला बिल्लाही नाही. पण दोर बांधायचा असेल, जड सामान उचलायचं असेल, नाहीतर कुणावर तरी ओरडायचं असेल, तर सगळ्यांना माझीच आठवण येते. गुहेत मी ताईपेक्षा जास्त वेळा उतरलोय. ती हे चारचौघांत कबूल करत नाही.

आधी बिल्ल्यांचं सांगतो. गुहेच्या तोंडाशी आमची पत्र्याची शेड आहे. तिथल्या भिंतीवर एक फळा असतो, निम्मा ‘बाहेर’, निम्मा ‘आत’, आणि दोन्हीकडे हुकांच्या रांगा. प्रत्येक सभासदाचा नंबर घातलेला पत्र्याचा बिल्ला. आत जाताना आपला बिल्ला आपल्या हाताने ‘आत’वर लावायचा, वर आलं की आपल्याच हाताने ‘बाहेर’वर. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, मग तो कुणीही असो. फळ्याच्या खाली लाल रंगात लिहिलंय, आधी फळा बघा, मग दोराला हात लावा. हे अशासाठी की गुहेत तीसेक पावलांवर जमीन संपते आणि सरळ खाली जाणारा खड्डा लागतो. आम्ही त्याला विहीर म्हणतो. चार मजली इमारत उभी मावेल एवढी खोल, भिंती साबणासारख्या. उतरायला एकच दोर, चढायला तोच दोर. दोर वर ओढला की खालचा माणूस खालीच.

रविवारी दुपारी अडीच वाजता तो दोर मी वर ओढला. स्टॉलवर मांडायला हवा होता म्हणून.

आणि सोमवारी तो माझ्यासमोर टेबलावर होता, छान वेटोळं करून, मधोमध. खालच्या टोकाचा चिखल अजून पुरता वाळला नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग फळा का नाही बघितला. फळाही स्टॉलवर आणायचा होता. गॅरेजच्या काकांच्या जीपमध्ये हादरे बसून बिल्ले पडतील म्हणून ताईने शनिवारी संध्याकाळीच त्याच्यावर चादर गुंडाळून सुतळीने बांधून ठेवलं होतं. मी रविवारी गेलो तेव्हा फळा झाकलेला. मी तो तसाच उचलून जीपमध्ये घातला आणि दोर काढायला आत गेलो. वर्षभर सगळ्या जगाला आम्ही फळा बघायला सांगतो, आणि तोच आम्ही गादीसारखा बांधून ठेवला. ताईला वाटलं मी बघेन. मला वाटलं ताईने बघितलंय म्हणूनच बांधलाय.

सोमवारी स्टॉलवर मी चादर सोडली आणि सात नंबर दिसला. ‘आत’मध्ये एकटाच.

सात नंबर गोगलगायीचा आहे. हे त्याचं नाव नाही, पण त्याच्या आईशिवाय त्याला दुसरं काही म्हणणारं कुणी असेल असं वाटत नाही. दगडांचा अभ्यास करतो. विहिरीच्या तळाला छतातून पाणी ठिबकतं, तिथे त्याने एक मापाची बाटली लावलीय आणि दर रविवारी ती बघायला जातो. एकटा. एकट्याने जायचं नाही असा नियम आहे, पण ताईने त्याच्यापुरता डोळ्यांवर कातडं ओढलंय, कारण तो एवढा सावकाश आणि एवढा नीट आहे की त्याला काही होईल असं कुणाला वाटतच नाही. दोन वर्षांत तो एकदाही बिल्ला फिरवायला विसरलेला नाही. बाकीचे विसरतात. विसरलं की सगळ्यांची हेल्मेटं धुवावी लागतात. मंडळातल्या पोपटने इतकी धुतलीत की त्याला कपडे धुण्याचं दुकान टाकता येईल. गोगलगायीने एकही नाही.

आणि आणखी एक. सुतळीची गाठ ताईची नव्हती. ताईची गाठ म्हणजे सगळा गुंता, ती सोडायला कात्री लागते. ही गाठ एक टोक ओढलं की सुटली. मला अशी गाठ गोगलगायीने शिकवली. शाळा सोडल्यावर मला कुणी काही शिकवायला तयार नव्हतं तेव्हा त्याने सहा दिवस संध्याकाळी बसून मला गाठी शिकवल्या, आणि मधेच कोन आणि वजनं काढून दाखवली, म्हणजे मला न कळता गणित. म्हणजे त्याने रविवारी चादर सोडली, बिल्ला ‘आत’वर लावला, आणि आमची बांधाबांध बिघडू नये म्हणून चादर परत होती तशी बांधून ठेवली. तो तसाच आहे.

हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, गाठीवर काय नाव लिहिलेलं असतं का? या रविवारी येऊ नको, दोर काढणार आहोत, असं पोपटने सगळ्यांना कळवलंय. आणि गोगलगाय साडेनऊला दगडांचा खोका घेऊन इथेच येणार आहे. आला की तू त्याची माफी माग.

साडेनऊ वाजले. पावणेदहा वाजले. गोगलगाय सावकाश चालतो, पण उशीर कधी करत नाही. लवकर निघतो. मी फोन लावला. बंद.

“चार्ज संपला असेल,” ताई म्हणाली. पण तीही दरवाजाकडे बघत होती.

तिचंही सांगायला हवं. गेल्या वर्षी मंडळातल्या एका मुलीचा पाय मोडला. तेव्हापासून विद्यार्थी विभागाने आम्हाला पाण्यात पाहायला सुरुवात केली. शेवटी बाईंनी सांगितलं, यंदाच्या मेळ्यात तीस नवीन सह्या आणा आणि वर्षभर एकही तक्रार येऊ देऊ नका, नाहीतर खोली, विमा, सगळं बंद. ताईने या मंडळासाठी काय काय सोडलंय ते मी घरात बघितलंय. स्टॉलवरून ‘आमचा माणूस हरवला’ असं एकदा तोंडातून निघालं, आणि तो मागाहून चहा पीत सापडला, तर मंडळ गेलंच. म्हणून ती म्हणत होती, आधी खात्री कर. एवढंच म्हणत होती. मला तेव्हा ते दिसत नव्हतं. मला फक्त तो दोर दिसत होता.

दहाला दारं उघडली. काय ती गर्दी. एका बाजूला नाटकवाले तोंडाला रंग फासून, समोर वादविवादवाले आपसातच वाद घालत, आणि हजारभर नवीन पोरं हातात पिशव्या घेऊन, फुकट पेन कुठे मिळतं ते शोधत. बुद्धिबळवाल्यांकडे अकरापर्यंत दोन जण आले, त्यातला एक पत्ता विचारायला. आमच्याकडे रांग लागली. हे सगळं पोपटमुळे. पोपट म्हणजे ताईच्या वर्गातला मुलगा, बोलायला लागला की फक्त श्वास घ्यायला थांबतो. त्याने दोन खेळ काढले होते. पहिला, दोरावर वीस सेकंदांत आठाची गाठ मारा आणि स्टिकर घेऊन जा. दुसरा फळ्याचा. सही केली की एक रंगीत कागदी बिल्ला मिळायचा. त्यावर आपलं नाव लिहायचं आणि आपल्या हाताने ‘आत’च्या हुकावर लावायचं. लावताना पोपट फोटो काढायचा.

मी म्हटलं, हे बंद कर.

तो म्हणाला, का? किती गोड दिसतंय.

मी म्हटलं, त्या बाजूला नाव लावायचा अर्थ काय होतो माहितेय ना तुला.

“अरे, मेळा आहे हा,” पोपट म्हणाला. “तू जरा पाणी पी.”

माझं डोकं फिरलं. मी त्याच्या हातातले कागदी बिल्ले हिसकावले, ताईने ते माझ्या हातातून हिसकावले, आणि तोंडावरचं हसू न हलवता मला म्हणाली, आणखी एकदा असं केलंस तर घरी जा. मी गेलो नाही. गाठीच्या टेबलामागे उभा राहिलो. एकेक पोरगं यायचं, दोर हातात घ्यायचं, आणि मी तेच सांगायचो, हा फास असा, हे टोक मागून, आता ओढ. एका मुलाने विचारलं, हा खरा दोर आहे का? मी म्हटलं, हो. गुहेतला? हो. मग तिथे आता काय आहे? तो सहज विचारत होता. त्याची गाठ व्हायच्या आधीच मी त्याला स्टिकर दिला.

बारा वाजेपर्यंत फळ्याची ‘आत’ची बाजू भरून गेली. गुलाबी, पिवळे, हिरवे कागद, एकावर एक. कुणी नावाखाली हसरा चेहरा काढलेला. ‘बाहेर’च्या बाजूला फक्त आमचे जुने पत्र्याचे बिल्ले. सात नंबर कागदांखाली कुठे गेला ते दिसेना. सह्या सव्वीस झाल्या होत्या.

मी पोपटला बाजूला घेतलं. रविवारी यायचं नाही हे तू गोगलगायीला कसं कळवलंस, तोंडाने की फोनवर, एवढंच सांग. तो म्हणाला, ग्रुपवर टाकलं ना. मी म्हटलं, दाखव. त्याने फोन काढला. शुक्रवारचा मेसेज होता, खाली चार अंगठे. मी ग्रुपमधली नावं बघत गेलो. एकदा वर, एकदा खाली. गोगलगाय नव्हता. आणखी मागे गेलो तर महिन्याभरापूर्वी बारीक अक्षरात ओळ होती, ग्रुप सोडून गेल्याची. सकाळ-संध्याकाळ फुलांची चित्रं आणि विनोद येतात म्हणून तो वैतागला होता, मला म्हणालाही होता. महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. तो असतानाही फारसं काही लिहायचा नाहीच.

पोपटने ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाला, “पण तो शनिवारी भेटला तेव्हा मी सांगितलं असेन.”

“सांगितलंस का?”

“असेन.”

मी ताईकडे गेलो. ती दोन मुलींना हेल्मेट घालून दाखवत होती. मी कानात सांगितलं, त्याला निरोप मिळालेलाच नाही. तिने हेल्मेटचा पट्टा लावला, मुलीला म्हणाली, घट्ट होतंय का गं? मग माझ्याकडे न बघता म्हणाली, त्याच्या खोलीवर जाऊन ये. पळत जा.

तेव्हा साडेबारा झाले होते. गोगलगाय भाड्याने राहतो, विद्यापीठाच्या मागच्या फाटकापासून दहा मिनिटांवर, एका एकट्या बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर. मी सहा मिनिटांत पोचलो. मालकीणबाई अंगणात कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी धापा टाकत विचारलं, आहे का तो?

त्यांनी झारी खाली ठेवली. म्हणाल्या, तूच सांग, कुठे आहे? रविवारी उजाडताना गेला. म्हणाला, मावशी, संध्याकाळी येतो, कडी लावू नका. मी कडी लावली नाही. आजही लावलेली नाही. मला वाटलं राहिला असेल कुठे मित्राकडे. तरुण मुलगा आहे, किती विचारायचं.

त्याचा मित्र म्हणून कोण डोळ्यासमोर आणावं तेच मला कळेना. त्यांनी विचारलं, तू कोण त्याचा? मी म्हटलं, मंडळातला. मग म्हटलं, मित्र.

मी विचारलं, गेला कसा, बसने?

“सायकलने. त्याची पंक्चर होती म्हणून माझी नेली. हिरवी, पुढे टोपली असलेली.”

ती सायकल मी बघितली होती.

रविवारी शेडजवळ एक हिरवी बायकी सायकल झाडाला टेकवलेली होती. टोपलीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. जीप वळायला जागा नव्हती. मला वाटलं, आसपासच्या कुणा बाईची असेल, सरपणाला आली असेल. मी ती उचलली आणि मागच्या झुडपात ढकलून दिली, वर दोन शिव्याही दिल्या. गॅरेजमध्ये सगळे म्हणतात, या पोराच्या नजरेतून स्क्रूसुद्धा सुटत नाही. त्या सायकलच्या टोपलीत काय आहे ते मी बघितलं नाही. बघितलं असतं तर त्याचा डबा दिसला असता. मालकीणबाई म्हणाल्या, डबा दिला होता मी, एकाच वेळचा.

मी परत कसा पळालो ते आठवत नाही.

एक वाजून दहा मिनिटं. स्टॉलसमोर गर्दी तशीच, आणि गर्दीच्या मधे विद्यार्थी विभागाच्या बाई, हातात वही घेऊन. ताई त्यांना सह्यांचा कागद दाखवत होती. एकतीस. बाई चक्क हसत होत्या. म्हणत होत्या, छान केलंय तुम्ही यंदा, मला वाटलं नव्हतं. पोपट पुन्हा सुरू झाला होता, तो म्हणत होता, मॅडम, आमच्याकडे शंभर टक्के सुरक्षित, हा फळाच बघा ना, कोण आत कोण बाहेर एका नजरेत कळतं.

ताईने मला येताना बघितलं. माझ्या चेहऱ्यावर जे काही असेल ते तिने वाचलं, कारण तिने डोळ्यांनी खूण केली, आत्ता नको. दोन मिनिटं थांब.

मी थांबलो नाही. एरवी मी ओरडलो असतो. या वेळी मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, “ताई, तो काल घरी आला नाही. त्याची सायकल शेडपाशी आहे. मीच झुडपात ढकलली.”

बाईंनी विचारलं, कोण घरी आला नाही?

पोपट म्हणाला, काही नाही मॅडम, आमचं आपलं घरचं.

बाजूच्या टेबलावर एक मुलगी कमरेभोवती दोर गुंडाळून गाठ मारत होती आणि तिच्या मैत्रिणी आकडे मोजत होत्या, अकरा, बारा, तेरा. ताई त्यांच्याकडे बघत होती. ती दोराच्या त्या मातकट टोकाकडे बघत होती. हातातला सह्यांचा कागद तिने उगाचच दोनदा सारखा केला. मी तिला ओळखतो. घरात कुणी तिला रडताना बघितलेलं नाही, आणि खोटं बोलायचं असेल तर ती आधी कागद सारखे करते. मला वाटलं, संपलं, आता ही म्हणणार, काही नाही मॅडम.

“शनिवारी फळ्यावर चादर मी बांधली,” ताई म्हणाली. “तेव्हा सगळे बिल्ले ‘बाहेर’ होते. सातसुद्धा. मी एकेक मोजून बांधली होती.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. म्हणजे सकाळी नऊपासून तिला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे, तिने ते स्वतःच्याही हाताला लागू दिलं नव्हतं. चार तास ती माझ्याशी भांडत होती आणि आतल्या आत तेच मोजत होती.

मग तिने बाईंना सरळ सांगितलं, आमचा एक माणूस काल सकाळपासून विहिरीच्या तळाला आहे आणि त्याचा दोर हा आहे. तिने त्या मुलीच्या कमरेकडे बोट दाखवलं.

मुलीचा हात थांबला. मैत्रिणी मोजायच्या थांबल्या. बुद्धिबळवाल्यांपैकी कुणीतरी खुर्चीवरून उठलं. बाई ओरडल्या नाहीत, हे लिहिलंच पाहिजे. त्यांनी वही मिटली, विचारलं, खाली पाणी आहे का, उजेड किती तासांचा असतो, थंडी किती. ताई सांगत गेली. प्यायला पाणी आहे. डोक्यावरचा दिवा बारा तास चालतो, सोबत एक जास्तीची बॅटरी. म्हणजे आता उजेड नसणार. थंडी हाडं गोठवणारी, आणि त्याच्या अंगावर एकच स्वेटर असतो, कारण तो चार-पाच तासांसाठीच जातो.

बाईंनी बचाव पथकाला फोन लावला. ते दुसऱ्या गावाहून येणार, सगळे जमून निघायला दोन तास, मग पुढचा रस्ता. बाई म्हणाल्या, आपण वाट बघू, नियमाप्रमाणे. ताई म्हणाली, विहिरीच्या तोंडाशी दोर कुठे बांधायचा ते त्यांना माहीत नाही. आम्हाला माहीत आहे. गॅरेजच्या काकांची जीप मागवलीय, चाळीस मिनिटांत तिथे पोचू. बाई घड्याळ बघून म्हणाल्या, तू जा. पण हा लहान आहे, सभासद नाही, याचा विमा नाही, हा जाणार नाही. हा इथे बसून सगळं लिहून देईल.

ताई म्हणाली, बरं. आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, लवकर लिही.

म्हणून मी इथे मागच्या फाटकाच्या पायरीवर बसलोय, मांडीवर सह्यांच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा. दोर माझ्या खांद्यावर आहे. मी तो त्या मुलीच्या कमरेवरून सोडवला तेव्हा ती सारखी सॉरी म्हणत होती, जणू तिचीच चूक आहे. पोपट फळ्यावरचे कागद काढतोय, एकही न फाडता, एकेक पिशवीत ठेवतोय. त्याला मी नंतर बोलेन. ताई तिकडे फोनवर गोगलगायीच्या आईशी बोलतेय. लांबून तिचा आवाज येत नाहीये, फक्त ती मान हलवताना दिसतेय.

आता राहिलेलं एक लिहितो. हे ताईला सांगितलेलं नाही.

दोर काढायच्या आधी विहिरीत तीन वेळा हाक मारायची असते. प्रत्येक हाकेनंतर शंभर आकडे मोजून गप्प राहायचं, कारण खालचा आवाज वर यायला वेळ लागतो, भिंतींवर आपटत येतो. रविवारी मी एकदाच हाक मारली. भूक लागली होती आणि काकांना घाई होती. वीसपर्यंत मोजलं आणि दोर ओढायला सुरुवात केली. निम्मा दोर वर आला तेव्हा खालून काहीतरी ऐकू आलं. शब्द नव्हता. ठिबकणारं पाणी कधीकधी असं बोलल्यासारखं वाटतं, हे आम्ही सगळे जाणतो, नवीन पोरांना आम्ही त्याची गंमत सांगतो. मी थांबलो. दोर हातात धरून थांबलो. पुन्हा आवाज आला असता तर मी सोडला असता, शपथेवर सांगतो. आला नाही. मग मी उरलेला दोर ओढून घेतला, आणि शेवटचं टोक वर आलं तेव्हा ते ताज्या चिखलाने माखलेलं होतं, जणू कुणीतरी नुकतंच

जीप आली. ताई हाक मारतेय आणि बाई अजून आत आहेत. मला निघायला हवं.